कूर्चेपर्यंत

१२ जानेवारी २०२५, नांदेड

संशोधनाचा पेपर परत आला. तिसऱ्यांदा. या वेळी परीक्षकाने सभ्य शब्दांत लिहिलंय: बोकडाच्या सांध्यात औषध खोल शिरतं हे पटलं, पण त्याने एखाद्या माणसाचं दुखणं कमी झालं असं काही दिसत नाही. काल प्राचार्य म्हणालेच होते की, जूनपासून माझी प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या विभागाला लागणार आहे. मी 'बरं' म्हणून बाहेर आले. आणखी काय म्हणणार होते?

जेवण गेलं नाही. अवधूत अजून धर्माबादच्या बँकेतच होता. आईंनी माझं ताट झाकून ठेवलं आणि माझ्या बाजूला येऊन बसल्या. बसताना आधी टेबल धरलं, मग खुर्चीची पाठ, मग माझा खांदा. म्हणाल्या, "कोण आहे तो परीक्षक?" नाव कळवत नाहीत म्हटल्यावर, "मग बिननावाच्या माणसाचं एवढं काय मनावर घेतेस?"

अवधूतशी लग्न करून मी या घरात आल्यापासून सासूबाईंनी माझ्या कामाला कधी नाक मुरडलं नाही. फक्त सांध्यांचा डबा स्वयंपाकघरात आणायचा नाही, एवढी एकच अट.

१५ जानेवारी

नागुबाईने आज गॅलरी झाडताना थर्माकोलचा डबा उघडला आणि झाडू तिथंच टाकून आत आली. "बाई, त्यात गुडघे हायेत. कशाचे हायेत?"

मी उठायच्या आत आईंनीच शिकवणी सुरू केली. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या बाई. "बोकडाचे आहेत, घाबरू नको. हाडाच्या टोकाला पांढरी गुळगुळीत गादी असते बघ, तिला कूर्चा म्हणायचं. तिच्यात रक्त जात न्हाई. म्हणून पोटात घेतलेली गोळी तिथवर धड पोचत न्हाई, अन् सांध्यात सुई मारली तरी औषध वरच्या वर निघून जातं. श्रद्धा काय करते, आपल्या कानाला ऐकू येत न्हाई असा आवाज सोडते. तो आवाज औषधाला आत ढकलतो."

नागुबाई म्हणाली, "मग तुमच्या गुडघ्यात का ढकलीना?"

आई माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

१९ जानेवारी

आईंच्या गुडघ्यांसाठी लातूरच्या डॉ. सर्वेशना फोन केला. गुडघे बदलायच्या शस्त्रक्रियेत काढलेली कूर्चा तेच मला देतात, त्यामुळे काम त्यांना ठाऊक आहे. माणसांवर प्रयोग करायच्या परवानगीची फाइल समितीकडे अडकून पडली आहे हेही ठाऊक आहे.

ते म्हणाले, "मॅडम, याला प्रयोग कशाला म्हणता? पेशंट माझी, इंजेक्शन मी रोज देतो तेच. त्यानंतर तुम्ही गुडघ्यावर मशीन फिरवायचं. शेक देतो तसं."

शेकाचं मशीन वेगळं आणि माझं वेगळं, हे त्यांनाही कळतं. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मी केव्हाची वाट बघून राहिले." अवधूत एवढंच म्हणाला, "आईला त्रास व्हायला नको." मी त्याला शब्द दिला.

२६ जानेवारी, लातूर

पहिलं इंजेक्शन झालं. सकाळच्या बसने आलो. बसच्या पायऱ्या चढताना आईंचा चेहरा पांढरा पडला होता. बाटली पुढे केली तर ओठसुद्धा ओले केले नाहीत. "मधे कुठं उतरायचं अन् कुठं जायचं?" बायकांचा एसटीतला हा उपास मीही करतेच.

सर्वेशनी दोन्ही गुडघ्यांत औषध सोडलं. मग मी जेल लावून मशीन धरलं. चार वर्षं या ध्वनिलहरी मेलेल्या सांध्यांवर सोडल्या. आज पहिल्यांदाच सांध्याला त्वचा होती, आणि त्वचा उबदार होती. आई म्हणाल्या, "काहीच ऐकू येत न्हाई गं." मी म्हटलं, "येणारच नाही."

दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं आधी विचारलं होतं. आठ.

१ फेब्रुवारी

आई आज स्वतःहून खाली अंगणात गेल्या आणि जास्वंदीची फुलं घेऊन वर आल्या. दिवाळीनंतर पहिल्यांदाच कुणाच्या आधाराशिवाय जिना उतरल्या. मी आंघोळ करून बाहेर आले तर फुलं देव्हाऱ्यात होती. तिथंच उभी राहून मी रडले. कुणाला दिसलं नाही.

७ फेब्रुवारी

सकाळी ओट्याला दोन्ही हात टेकून आई डोळे मिटून उभ्या होत्या. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी हलल्या नाहीत. मी "आई" म्हटल्यावर दचकल्या. म्हणाल्या, स्तोत्र म्हणत होते. मला बरं वाटलं. इतके दिवस देवापुढे उभं राहायचीही चोरी होती.

९ फेब्रुवारी, लातूर

दुसरं इंजेक्शन. त्याआधी विचारलं, आता किती?

त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मी पेन घेऊन समोर बसले होते. मग म्हणाल्या, "दोन."

मला हसू आवरेना. सर्वेशनी टेबलावर हात मारला. आईसुद्धा हसल्या. परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून अहमदपूरपासून नांदेडपर्यंत झोपल्या. किती दिवसांची झोप राहिली असेल.

१८ फेब्रुवारी

नागुबाई हल्ली कामाला येताना कोपऱ्यावरच्या भुजंगच्या मेडिकलमधून होऊनच येते. काय आणतेस म्हणून विचारलं. "आईंचं इनो." पित्त वाढलंय म्हणे. आता सगळं खाता येतं म्हणून तिखट चालू असणार. मी दटावलं, तर आईंनी लहान मुलीसारखी मान हलवली.

२३ फेब्रुवारी, लातूर

सर्वेशनी दवाखान्याच्या जिन्यावर आईंचा व्हिडिओ काढला. आई कठड्याला हात न लावता वर गेल्या, वळल्या, खाली आल्या आणि कॅमेऱ्यासमोर म्हणाल्या, "मी चंद्रप्रभा. निवृत्त शिक्षिका. माझे गुडघे माझ्या सुनेने बरे केले." असं बोलायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सर्वेश मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता परीक्षकाला उत्तर मिळेल."

९ मार्च

लातूरची चौथी फेरी. आईंचे पाय सुजलेत. चपलेत पाय जाईना, म्हणून अवधूतची स्लिपर घालून निघाल्या. बसमध्ये पाय लोंबकळत राहतात त्यामुळे होतं असं. सर्वेशनी बोट दाबून पाहिलं, खळगा पडला. म्हणाले, पाय उशीवर ठेवून झोपा.

गुडघ्यांचा आकडा मात्र एक.

१६ मार्च

कढीपत्त्याच्या कुंडीत औषधाच्या पट्टीचा चंदेरी तुकडा सापडला. माझ्या पर्समधल्या डोकेदुखीच्या गोळ्यांचा असावा. आताशा कुठं काय ठेवते, लक्षात राहत नाही.

२२ मार्च, लातूर

हाडांच्या डॉक्टरांची बैठक होती. मी तीस स्लाइड्स केल्या होत्या. कूर्चेच्या कापांवर रंग कुठवर उतरला, लहरींशिवाय किती आणि लहरींनी किती. लोक मोबाइल बघत बसले होते. शेवटी सर्वेशनी आईंचा व्हिडिओ लावला आणि सगळ्या माना वर झाल्या. टाळ्या वाजल्या. उमरग्याच्या एका डॉक्टरांनी माझा नंबर घेतला. पेपरही नव्या मजकुरासह परत पाठवलाय.

घरी आल्यावर आईंना सगळं सांगितलं. डोळे मिटून ऐकत होत्या. "टाळ्या वाजल्या?" एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

३० मार्च, गुढीपाडवा

अवधूतने गुढी उभारली. आईंनी श्रीखंडाचं बोट चाटून वाटी बाजूला सारली. तोंडाला तांब्याची चव येते म्हणतात. चेहरा सकाळी फुगलेला असतो, दुपारपर्यंत उतरतो. ऊन यंदा फारच लवकर चढलंय, माझंही जेवण तुटलंय. त्यांची साखर तपासून घ्यायला हवी. परीक्षा आटोपल्या की बघू.

६ एप्रिल

आईंच्या अंगाला खाज सुटते. घामोळं असेल. पाठीला खोबरेल लावून दिलं. पाठ किती खाजवली होती त्यांनी, नखांचे ओरखडे उठलेत.

१२ एप्रिल, लातूर

सर्वेशच्या दवाखान्याबाहेर भला मोठा फलक लागलाय. 'शस्त्रक्रियेविना गुडघेदुखीपासून मुक्ती, ध्वनिलहरींचा नवा उपचार.' त्यावर आईंचा जिन्यावरचा फोटो. मशीन त्यांनी स्वतःचं मागवलंय. उदगीर, निलंगा, कुठून कुठून बायका येऊन बसल्या होत्या.

मी म्हटलं, "सर, एकच पेशंट झालाय आपला."

"सुरुवात एकापासूनच होते की."

मनात कुठेतरी आनंदही झाला. लपवायचं कशाला? फलकावर माझं नाव नव्हतं, हे मला आधी दिसलं.

आई या खेपेला आल्या नाहीत. थकवा आहे म्हणाल्या.

१७ एप्रिल, नांदेड

दुपारी कॉलेजात नागुबाईचा फोन आला. "आई हाका मारल्या तरी नीट उठंना गेल्यात. दम लागलाय लई." रिक्षातून दवाखान्यात नेलं. वाटेत त्या माझ्याशी बोलत होत्या, पण मला त्यांच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीच्या नावाने हाक मारत होत्या.

दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. आजच डायलिसिस सुरू करायला लागलं.

१८ एप्रिल

आज शुद्धीवर आल्या. किडनीच्या डॉक्टर मनिषा तपासायला आल्या. वयाने माझ्याहून लहान, आवाज मऊ. साखर किती वर्षं, बीपी किती वर्षं, असं विचारत विचारत म्हणाल्या, "आजी, दुखण्याची गोळी घेता का?"

आई म्हणाल्या, "श्रद्धा, तू जरा बाहेर जाऊन ये."

मी गेले नाही.

"घेते," आई भिंतीकडे बघून म्हणाल्या.

"कधीपासून?"

"शिवरात्रीच्या आधीपासून."

"रोज किती?"

"आधी एक घेत होते. मग दुखेल तशा." चादरीची कड सारखी करत म्हणाल्या, "लातूरला जायच्या दिवशी दोन जास्त."

मनिषा डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार. या गोळ्या, साखरेचा आजार, वय, पाणी कमी पिणं, त्यात उन्हाळा. फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना किडनीचा हा धडा मीच शिकवते. सूज, तांब्याची चव, खाज, सगळं क्रमाने फळ्यावर लिहून देते. घरात ते सगळं माझ्यासमोर होतं, आणि मी गुडघ्यांचा आकडा विचारत होते.

२० एप्रिल

आज जरा बोलल्या. मी काहीच विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी लातूरला तू आकडा विचारलास ना, सात म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण तू अशी पेन घेऊन बसलेली. जानेवारीत तुझं जेवण तुटलं होतं, ते मी बघितलं होतं."

"आई, नुसतं सांगायचं ना."

"सांगणारच होते. वाटलं, पुढच्या सुईला गुण येईल, मग गोळ्या सोडीन. थोडेच दिवस खोटं बोलायचं होतं गं." मग डोळे मिटून म्हणाल्या, "नागुबाईला बोलू नको. मी तिला देवाची शपथ घातली होती."

मी त्यांचा हात धरून बसले. सुईच्या जागी हात काळानिळा पडलाय.

२१ एप्रिल

अवधूतला सगळं सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून त्याने ऐकून घेतलं. वाटलं होतं, चिडेल. म्हणाला, "मी रोज धर्माबादहून फोन करायचो. पहिलं वाक्य हेच, गुडघे कसे आहेत. आई, तू कशी आहेस, असं विचारलंच नाही."

मग उठून चहा आणायला गेला. एकच कप घेऊन आला आणि तो माझ्या हातात दिला. तो माझ्या बाजूला बसला नाही, समोरच्या खिडकीपाशी उभा राहिला. मी त्याला दिलेला शब्द आम्हा दोघांनाही आठवत होता.

२५ एप्रिल

पेपर मागे घेत असल्याचं कळवलं. दोन ओळींत काम झालं.

मग सर्वेशना फोन केला. ते म्हणाले, "फार वाईट झालं. मी येतो भेटायला. पण मॅडम, किडनी गोळ्यांनी गेली, लहरींनी नाही. आपल्या उपचाराने त्यांना काही अपाय झालेला नाही."

"पण गुणही आला नाही, सर."

"ते तुम्हाला कुठं माहीत आहे? पहिल्या इंजेक्शननंतर जिना उतरून फुलं आणली ना त्यांनी? तुम्हीच सांगितलं होतं. तेव्हा गोळ्या चालू होत्या का?"

माहीत नाही. आईंना विचारायला हवं.

"व्हिडिओ काढून टाका," मी म्हटलं.

"बघतो," म्हणाले.

२९ एप्रिल

आईंना ताप. डायलिसिसची नळी घातलीय तिथून जंतू शिरलेत. दिवसभर ग्लानीत. विचारायचं राहिलं. आणि खरं सांगायचं तर विचारायला तोंडही नव्हतं. नळ्या लावलेल्या माणसाला काय विचारायचं, माझ्या औषधाने निदान थोडे दिवस तरी बरं वाटलं होतं का?

३ मे

आज दोनदा डोळे उघडले. अवधूतला ओळखलं. त्याला म्हणाल्या, "उन्हात हिंडू नको."

६ मे

पहाटे गेल्या.

२० मे

दिवसपाणी उरकलं. पाहुणे गेले. नागुबाई आजपासून कामाला आली, पण दारातच उभी राहिली. म्हणाली, "बाई, मी न्हाई म्हणायला पाह्यजे होतं. पर त्या म्हणायच्या, माझ्या सुनेचं काम होऊन राहिलंय, तू मधी पडू नको."

मी तिला आत घेतलं. दोघींनी मिळून आईंची खोली झाडली. गादी उचलायचं धाडस मला झालं नाही, ती नागुबाईने उचलली आणि खाली जे होतं ते पदरात घेऊन बाहेर गेली. मी विचारलं नाही. अवधूत त्या खोलीत अजून गेलेला नाही.

२५ मे, लातूर

एकटीच गेले. अवधूत म्हणाला, "जाऊन काय होणार आहे?" मला तरी कुठं माहीत होतं?

फलक तसाच. आई तशाच जिन्यावर, कठड्याला हात न लावता. सर्वेश आत शस्त्रक्रियेत होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले आणि खरंच वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. फलकाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "उतरवतो. पुढच्या आठवड्यात नवा येतोय. आणि या सगळ्यांना मी खोटं काही सांगत नाही. इंजेक्शन नेहमीचंच आहे, मशीन निरुपद्रवी आहे. कुणाला बरं वाटलं तर वाटू दे की." तेवढ्यात त्यांना परत आत बोलावणं आलं.

मी बाहेर येऊन बाकावरच्या बायकांमध्ये बसले. ज्या फोटोतल्या बाईंना बघून तुम्ही आलात त्या माझ्या सासूबाई, असं सांगितलं. त्यांचे गुडघे बरे झाले नव्हते. त्या चोरून गोळ्या घेत होत्या आणि त्यातच गेल्या. एकेकीपाशी बसून तेच सांगत गेले. दुसऱ्या वेळेपासून माझा आवाज सपाट झाला, वर्गात पाठ दिल्यासारखा. तिथली मुलगी काउंटरवरून माझ्याकडे बघत होती, पण उठली नाही.

निलंग्याच्या दोघी पिशव्या उचलून निघून गेल्या. एकीने मला शिव्या दिल्या, सकाळपासून उपाशी बसवलं म्हणून. ते रास्तच होतं.

कडेला सिंधुबाई म्हणून एक बाई होती, उदगीरकडची. पन्नाशीची असेल. दोन्ही पाय गुडघ्यांतून बाहेर वाकलेले. शेतातल्या कामाने आणि डोक्यावरच्या ओझ्याने होतात तसे. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पर बाई, आधी तरी थोडा फरक पडला व्हता का न्हाई त्येन्ला?"

मी म्हटलं, "पहिले आठ दिवस पडला असेल, बहुतेक. जिना उतरून फुलं आणली होती त्यांनी."

"गोळी न खाता?"

"ते मला माहीत नाही. आता विचारायला कोणी नाही."

ती थोडा वेळ स्वतःच्या गुडघ्यांवर हात फिरवत बसली.

"मी वरीस झालं पाठ टेकून झोपले न्हाई," ती म्हणाली. "आठ दिवस तर आठ दिवस."

काउंटरवरच्या मुलीने तिचं नाव पुकारलं. तिला उठता येईना. मी हात दिला. तो धरून ती उभी राहिली आणि माझ्याच आधाराने आत गेली.